पन्नासचा कॅराबिनर हवा की पंचविसाचा? आधी खाऱ्या वाऱ्याचं बघा

प्रश्न : ताई, आम्ही दापोली तालुक्यातल्या एका गावातली दहा-बारा पोरं. पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) आणि थंडीत गावाजवळच्या समुद्रकाठच्या कड्यावर क्लाइंबिंगची शिबिरं घेतो. अँकरला (दोर जिथे वर पक्का बांधतो तिथे) आजवर अॅल्युमिनियमचे स्क्रू कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या गेटवाल्या कड्या, वापरले. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, स्क्रू अडकतात आणि त्यातल्या दोन कॅराबिनरना तर दोराने खाच पाडली आहे. म्हणून आता सगळे स्टीलचेच घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन २५ केएन (किलोन्यूटन) ताकदीचेही दिसतात आणि ५० चेही. शिवाय हर्णै बंदरात बोटीचं सामान विकणाऱ्याकडे स्टेनलेसचे लॉकवाले हुक एका कॅराबिनरच्या भावात चार मिळतात. नमुन्याला चार आणलेत, चकचकीत आहेत. डझनभर घ्यावेत का? आणि स्क्रूवाले बरे की ऑटोलॉक?
— एक वाचक, दापोली

उत्तर : डझन राहू द्या, आणलेले चारही अँकरजवळ नेऊ नका. दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. नाहीतर त्यांना लाल रंग फासा आणि पाण्याचे कॅन, सॅका लटकवायला ठेवा. रंग आळसाने टाळू नका. शिबिराच्या घाईत पेटीतून हाताला येईल तो कॅराबिनर उचलला जातो, आणि तुमच्यातल्या नव्या पोराला हा हुक आणि खरा कॅराबिनर लांबून सारखेच दिसतील.

हे हुक वाईट असतात असं नाही. होडीचा दोर, जाळ्याची बोय, ताडपत्री यांच्यासाठी ते बनवलेले असतात. त्यातला एक उजेडात धरून तोंड बघा. गेट नुसतं टोकाला टेकलेलं दिसेल. चढाईच्या कॅराबिनरमध्ये बंद गेट नाकाच्या खाचेत अडकतं आणि भार आला की स्वतःही ओढा घेतं. म्हणूनच गेट उघडं राहिलं तर त्याच कॅराबिनरची ताकद तिसऱ्या हिश्शावर येते. बोटीच्या हुकाचं गेट बहुतेक वेळा भार घेतच नाही, म्हणजे तो कायम उघडाच आहे असं समजून चालायचं. त्यावर ‘३१६’ कोरलेलं असेल तर ती धातूची जात झाली, ताकद नव्हे.

बंदरावरच्या शॅकलवर (साखळी-दोर जोडायच्या कडीवर) टनात आकडा असतो, त्यानेही फसू नका. तो रोजच्या कामाचा सुरक्षित भार असतो आणि चांगलं शॅकल त्याच्या पाच-सहा पटीला तुटतं. कॅराबिनरवर कोरलेला आकडा मात्र तुटण्याचा असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली की हिशोब हमखास चुकतो.

आता ५० आणि २५. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा ओढा. ८० किलोचा माणूस दोरावर शांत लटकला तर ०.८. तो उड्या मारत, झटके देत रॅपल करत असेल तर अँकरवर साधारण दुप्पट. टॉप-रोपमध्ये दोर वरच्या कॅराबिनरमधून वळून खाली बिले देणाऱ्याकडे (दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्याकडे) येतो, त्यामुळे चढणाऱ्याचं वजन आणि बिलेच्या बाजूचा ओढा दोन्ही वरच येतात. घर्षण वजा करून ते दीडपट-पावणेदोनपट भरतं. दोर थोडा ढिला असताना पोरगं निसटलं तरी आकडा दोन ते चार किलोन्यूटनच्या घरातच राहतो. चढाईच्या साध्या कॅराबिनरसाठी ईएन १२२७५ हे युरोपीय मानक गेट बंद असताना लांबीत किमान २०, गेट उघडं असताना ७ आणि आडवा ओढला गेल्यास ७ किलोन्यूटन मागतं. तुमच्या टेप स्लिंगला (पट्टीच्या फासाला) २२ ची अट असते, बोल्टच्या हँगरवरही (कॅराबिनर अडकवायच्या भोकाच्या पट्टीवरही) २२-२५ च्या आसपासच कोरलेलं सापडेल. मग मधेच पन्नासचा एक कॅराबिनर अडकवून मिळालं काय?

तीन आकड्यांमधला पहिला सगळे वाचतात. तुम्ही दुसरा आणि तिसरा वाचा. अपघात घडवणारे ते दोन. कॅराबिनर फिरून आडवा झाला किंवा लॉक उघडं राहिलं की २५ चाही ७ वर येतो. चांगल्या स्टीलच्या कॅराबिनरचे हे दोन आकडे बऱ्याचदा अॅल्युमिनियमपेक्षा वर असतात, आणि जास्तीचे पैसे मोजायचे तर त्यासाठी मोजावेत. जाहिरातीत नुसतं ‘५० केएन हेवी ड्युटी’ लिहिलंय आणि अंगावर बाकीचे दोन आकडे, बनवणाऱ्याचं नाव, बॅच क्रमांक, ईएन १२२७५ किंवा ईएन ३६२ किंवा यूआयएए या गिर्यारोहकांच्या जागतिक महासंघाची खूण यातलं काहीच नाही, तर तो कितीही जड लागला तरी घेऊ नका. सीईच्या खुणेशेजारी चार आकडी क्रमांक असतो, तोही शोधा. तो तपासणाऱ्या संस्थेचा असतो.

जाड कॅराबिनर लागतो तो दोन ठिकाणी. पहिलं बचावकार्य. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या मानकात ‘जनरल’ वर्गाला ४० किलोन्यूटनची अट आहे, कारण तिथे एका दोरावर जखमी, स्ट्रेचर आणि सोबतचा जवान असा सगळा भार येतो. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली तेव्हा दोर लावून खाली उतरणारे ट्रेकरच होते, हे दापोलीकरांना मी सांगायला नको. उद्या तुमच्या गटालाही अशी हाक येऊ शकते. त्यासाठीच्या पेटीत चार जाड स्टीलचे असू द्या.

दुसरं ठिकाण म्हणजे वहाळावरून आडवा ताणलेला दोर, ज्याला आपण हौसेने व्हॅली क्रॉसिंग म्हणतो. इथे मात्र गणित करा. २० मीटरचा दोर आहे, मधोमध ८० किलोचा माणूस लटकला असताना झोळ १ मीटर आहे. दोन्ही टोकांच्या अँकरवर प्रत्येकी सुमारे ४ किलोन्यूटन येतात, म्हणजे माणसाच्या वजनाच्या पाचपट. दोर अजून कसून झोळ अर्ध्या मीटरवर आणलात तर ८. दोर जितका ताठ दिसेल तितकी मंडळी खूश होतात आणि अँकर तितका हैराण होतो. त्यामुळे तिथे स्टील तर वापराच, पण आधी झोळ वाढवा. झोळ वाढवायला पैसे पडत नाहीत.

टॉप-रोप आणि रॅपलच्या अँकरला स्टील घेण्याचं खरं कारण तुम्हीच पत्रात लिहिलंय : खाच. समुद्रकाठी दोरात वाळू बसते. तो दोर दिवसभर एकाच कॅराबिनरमधून भाराखाली घासत राहिला की अॅल्युमिनियमला कानशीच लागते. खाचेची कड धारदार होते आणि मग कॅराबिनर तुटायच्या आधी दोराचं कवच फाटतं. ते दोन आजच बाद करा. खाच १ मिलिमीटरच्या वर गेली की विचार करत बसायचं नाही. स्टील कठीण असल्यामुळे तेच काम कितीतरी अधिक सोसतं. म्हणून जिथे दोर वळतो आणि घासतो त्या मुख्य बिंदूला स्टील, तेही दोन, गेटं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना करून. हार्नेसला, बिले उपकरणाला, स्वतःला अँकरशी जोडणाऱ्या लॅनयार्डला अॅल्युमिनियमच ठेवा. ‘सगळे स्टीलचे’ हा बेत सोडा. एका अॅल्युमिनियमच्या जागी अडीच-तीनपट वजन वागवायचं, आणि वरून हातातून निसटला तर खालच्या माणसाच्या हेल्मेटवर पाव किलो स्टील. कशाला?

आता तुमच्या किनाऱ्याचा मुद्दा, जो डोंगरातल्या लोकांना सहसा भेटत नाही. अॅल्युमिनियमवरची पांढरी भुकटी हे मिठाने खाल्ल्याचं लक्षण. वरवरची असेल, गोड्या पाण्याने आणि ब्रशने निघून खालचा धातू गुळगुळीत दिसत असेल तर चालतो. खाली खड्डे दिसले तर बाद. तोच कॅराबिनर स्टीलच्या हँगरला लावून रात्रभर कड्यावर सोडलात तर झीज दामदुप्पट होते, कारण खारट ओल, अॅल्युमिनियम आणि स्टील एकत्र आले की त्यांची बारीकशी बॅटरी तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम खपतं.

चढाईचे बहुतेक स्टील कॅराबिनर मिश्रधातूच्या पोलादाचे असतात आणि वर जस्ताचा मुलामा असतो. जस्त आधी स्वतः झिजतं आणि आतल्या पोलादाला वाचवतं. त्यामुळे सुरुवातीला पांढुरकं दिसेल, मुलामा संपला की तांबडं. पिवळसर-तांबडी छटा पुसली जात असेल तर लगेच घाबरू नका. पापुद्रे निघायला लागले, बिजागरीत गंज शिरला, गेट आपोआप पूर्ण बंद होईना, की संपलं. तुमच्याकडे हे डोंगरातल्या गटांपेक्षा फार लवकर होणार, ते खरेदीच्या दिवशीच हिशोबात धरा.

मग स्टेनलेस का नको? कॅराबिनर मानकाचा असेल तर स्टेनलेसही चालतो, आणि ३०४ पेक्षा ३१६ खाऱ्या हवेला बरा, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून. पण चकचकीत आहे म्हणजे शाबूत आहे, या भरवशावर राहू नका. समुद्राची मीठभरली हवा, उष्णता आणि सततचा ताण एकत्र आले की स्टेनलेसला आतून बारीक तडे जातात आणि वरून फारसं काही दिसत नाही. थायलंडच्या रायले भागात समुद्रकाठच्या चुनखडीच्या कड्यांवर स्टेनलेसचे बोल्ट असे दगा देऊ लागले. अगदी हाताच्या बळाने किंवा माणसाच्या वजनाने तुटले, तेव्हा तिथे टायटॅनियमचे बोल्ट चिकटवायला सुरुवात झाली. यूआयएएनेही याबद्दल गिर्यारोहकांना सावध केलं आहे. हा धोका मुख्यतः कड्यावर कायम राहणाऱ्या बोल्ट-हँगरचा. कॅराबिनर रोज घरी येतो, धुतला जातो, त्यामुळे त्याला तो कमी. पण याचाच अर्थ असा की संध्याकाळी अँकर उतरवायचा कंटाळा करून ‘उद्या परत यायचंच आहे’ म्हणत सामान कड्यावर ठेवायचं नाही.

घेताना आकार बघा. मुख्य बिंदूला रुंद तोंडाचा, नासपतीच्या आकाराचा, त्यात दोन-तीन गाठी शेजारी शेजारी बसतात. पुलीला ओव्हल. हँगरला डी आकाराचा, पण दुकानात जाताना खिशात एक हँगर घेऊन जा. स्टीलची दांडी जाड असते. काही कॅराबिनर हँगरच्या भोकात जातात पण फिरत नाहीत, आणि फिरले नाहीत की भाराखाली हँगरच्या कडेवर पहारीसारखे उचकतात. कॅराबिनरला ताकद ओढण्याची दिलेली असते, वाकवण्याची नाही. याच कारणाने तो कड्याच्या ओठावर आडवा पडू देऊ नका, स्लिंग वाढवून ओठाच्या पुढे लोंबता ठेवा. नाकाला हुकासारखं टोक नसलेला, गुळगुळीत तोंडाचा निवडा. हुकासारख्या टोकाचा स्लिंगच्या धाग्यात अडकतो आणि घाईत अर्धवट मिटतो.

स्क्रू की ऑटोलॉक? अँकरसाठी माझं मत सरळ स्क्रूच्या बाजूने. ऑटोलॉकच्या बाहीत (गेटवर फिरणाऱ्या नळीत) स्प्रिंग असते. किनाऱ्यावरची बारीक वाळू आणि वाळलेलं मीठ तिच्यात शिरलं की ती अर्ध्यावर थांबते, आणि ‘आपोआप लागलंच असेल’ म्हणून कोणी बघत नाही. स्क्रूचं बरं आहे. तो अडकला की बोटांना कळतं. कॅराबिनर लावताना गेटचं तोंड खाली आणि खडकापासून बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हादऱ्यांनी बाही सरकलीच तर बंद होण्याच्या दिशेने सरकेल. लावल्यावर गेट चिमटीत दाबून बघायचं. नुसत्या नजरेने बघितलेलं मी मोजत नाही. शिबिरार्थींच्या कमरेच्या लॅनयार्डला मात्र उघडायला तीन हालचाली लागणारं ऑटोलॉक द्या. पहिल्यांदा कड्यावर उभं राहिलेलं पोर स्क्रू विसरणार, आणि त्याला दोष देता येत नाही.

धुण्याचं सांगते, कारण यावर तुमच्या खरेदीचं आयुष्य ठरणार. दर शिबिरानंतर गोडं पाणी, गेट उघडझाप करत. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं घ्या, मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मीठ परत लावणं. सावलीत कोरडे करा आणि बिजागरीला व स्क्रूच्या आट्यांना कोरडं सिलिकॉन लावा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, त्याला वाळू चिकटते. गंज दिसला म्हणून घरच्या पितळी भांड्यांसारखं चिंच-आमसूल चोळू नका, आणि संडास धुण्याचं अॅसिड तर अजिबात नाही. कठीण पोलादात अॅसिडमुळे हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं, वर पुन्हा चकाकतंही. ठेवायची पेटी इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ नको, बॅटरीच्या अॅसिडने आणि वाफांनी नायलॉनच्या स्लिंगही जातात.

कॅराबिनरवर इतकं लिहिलं, पण मला तुमच्या पत्रातली न लिहिलेली गोष्ट जास्त खटकली : अँकर कशात आहे? काळा, घट्ट कातळ असेल आणि बोल्ट जाणकाराने ठोकलेले असतील तर ठीक. जांभा असेल तर थांबा. जांभ्याचं वरचं कवच टणक वाजतं आणि आत मऊ, मातीच्या पोकळ्यांचा असतो. चिरेखाणीत ताजा चिरा करवतीने कापला जातो, त्यात फुगणारा बोल्ट धरेल कसा? तिथे मागे सड्यावर (वरच्या कातळपठारावर) जाऊन जिवंत, जाडजूड झाडं शोधा, एकाऐवजी दोन-तीन, बुंध्याशी रुंद टेप गुंडाळून भार वाटून घ्या. दोन बाजूंच्या स्लिंगमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तो १२० वर गेला की प्रत्येक बाजूवर अख्खा भार येतो आणि वाटणीला अर्थ उरत नाही. किल्ल्याच्या तटाला, बुरुजाला किंवा तोफेला दोर बांधू नका. जुना चुना भार घेणार नाही, आणि तो तट आपल्या शिबिरासाठी बांधलेला नाही.

पैसे घेऊन शिबिर घेत असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. तेवढं करून घ्या.

खरेदीसाठी माझा आकडा : मुख्य बिंदूला रुंद तोंडाचे दोन, हँगर किंवा झाडाच्या स्लिंगला डी आकाराचे दोन, राखीव दोन. सहाही स्टीलचे, स्क्रूवाले, २५ ते ३० किलोन्यूटनमधले. बचावकार्याच्या पेटीतले चार जाड वेगळे, पैसे जमतील तसे. डझनभर घेण्याऐवजी उरलेल्या रकमेत एक नवा सेमी-स्टॅटिक (कमी ताणला जाणारा) दोर येतो का बघा, कारण ज्या दोराने कॅराबिनरला खाच पाडली तो आतून वाळूने भरलेला आहे. प्रत्येक नगावर कोरून नव्हे, रंगीत टेपने खूण करा. कोणता कधी घेतला, कधी पडला, कधी बाद केला ते वहीत लिहा, आणि उंचावरून खडकावर आपटलेला नग ‘दिसतो तर बरा’ म्हणून परत वापरात घेऊ नका. बोल्टचे आणि हँगरचे जवळून काढलेले फोटो पाठवलेत तर पुढच्या अंकात त्यांच्याबद्दल लिहीन. तोवर त्या समुद्रकाठच्या कड्यावर झाडांवरूनच अँकर लावा.